कागद खोटा पण म्हणायचा आणि फोडला कोणी ते पण शोधायचं, हे कसं काय? (जरा मोठं उत्तर)

प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांना वर जावं लागणार नाही. प्रश्नकर्ते राज्य सरकारच्या एका ऑफिसात क्लार्क आहेत. खरेदीच्या एका फाइलमधल्या टिपणीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला, लोकल पेपरात बातमी आली, साहेबांनी पत्रकारांना सांगून टाकलं की असा कागदच नाही, कोणीतरी बनवलाय. आणि लगेच पुढच्या आठवड्यात टेबलावरच्या सगळ्यांना नोटीस, की गोपनीय कागद बाहेर गेला कसा त्याचा लेखी खुलासा करा. त्यावर त्यांनी विचारलंय की खोटाच कागद असेल तर खुलासा कसला मागताय, आणि राफेल लढाऊ विमानांच्या खरेदीच्या वेळी दिल्लीतही हेच झालं होतं ना, चोरीला गेले म्हणाले म्हणजे कागद खरे होते हे कबूलच केलं ना, मग सरकार खोटं बोललं असं धरायचं का. शेवटी एक ओळ आहे, "अमेरिकेत म्हणे अशाच केसमध्ये एकाला शिक्षा झाली होती, आपल्याकडे का होत नाही."

मी वकील आहे, काम बहुतेक सरकारी नोकरांच्या विभागीय चौकशा आणि मॅट म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण यातलं. राफेलमध्ये माझा काही संबंध नाही, पण तो निकाल आमच्या कामात सारखा लागतो म्हणून नीट वाचलेला आहे. तुमच्या ऑफिसातलं काय खरं काय खोटं ते इथून मला कळणार नाही, तुमचं खातं कुठलं, तो कागद कशाबद्दलचा, त्यावर शिक्का होता का आणि तो कोणी मारला, यावर बरंच अवलंबून आहे. पोलीस किंवा गुप्तवार्ता विभागातला कागद असेल तर माझं निम्मं उत्तर बदलेल. खरेदीची साधी फाइल आहे असं धरून लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे या सगळ्यात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात आणि ते गुंतलेलेच राहावेत अशी बहुतेक वेळा वरच्यांची इच्छा असते. तो कागद खरोखर त्या फाइलमधला आहे का, हा एक. त्यात लिहिलंय ते बरोबर आहे का, हा दुसरा, आणि लोक हा विसरतातच. कागद शंभर टक्के अस्सल असू शकतो आणि त्यातलं मत साफ चुकीचं असू शकतं, कारण टिपणी म्हणजे शेवटी एका टेबलाचं म्हणणं असतं. आणि तिसरा म्हणजे तो लपवण्यासारखा होता का. लीकची चौकशी लागते तेव्हा चौथाच प्रश्न विचारला जातो, तो म्हणजे कोणी फोडला. या चौथ्याचा एवढा धुरळा उडतो की बाकीचे तीन कोणी विचारतच नाही.

आता राफेल. सगळी कहाणी सांगत नाही, कागदाची तेवढी सांगतो. एप्रिल २०१५ मध्ये पॅरिसला ३६ विमानांची घोषणा झाली, करार झाला २३ सप्टेंबर २०१६ ला. मधल्या काळात वाटाघाटी चालू असताना संरक्षण मंत्रालयात २४ नोव्हेंबर २०१५ ची एक टिपणी आहे, उपसचिव पातळीवरून वर गेलेली, की पंतप्रधान कार्यालय फ्रेंचांशी समांतर बोलतंय आणि त्यामुळे आपल्या वाटाघाटी करणाऱ्या टीमची बाजू कमजोर होते. त्याखाली त्यावेळच्या संरक्षण सचिवांनी स्वतःच्या हाताने शेरा मारलाय की संरक्षणमंत्र्यांनी पाहावं, पंतप्रधान कार्यालयाने अशी बोलणी टाळलेली बरी, आपली बाजू फार कमजोर पडते. ही टिपणी 'द हिंदू'ने ८ फेब्रुवारी २०१९ ला छापली. त्याच दिवशी एएनआय या वृत्तसंस्थेने त्याच कागदाचं आणखी भरलेलं रूप दाखवलं, त्यात मंत्र्यांचा म्हणजे मनोहर पर्रीकरांचा शेरा होता, साधारण असा की पंतप्रधान कार्यालय आणि फ्रेंच राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय प्रगतीवर लक्ष ठेवून आहे असं दिसतं, पाचवा परिच्छेद ही अतिप्रतिक्रिया वाटते, सचिवांनी प्रधान सचिवांशी बोलून सोडवावं.

इथे जरा थांबा, कारण आमच्या धंद्यातला माणूस हे पान वेगळं वाचतो. एकाच टिपणीच्या दोन प्रती बाहेर आल्या, एकीच्या छापलेल्या भागात मंत्र्यांचा शेरा नाही, दुसरीत आहे. विभागीय चौकशीत आम्ही पहिलं हेच बघतो. फोटोत शेवटची सही कोणाची, जावक नंबर पडलाय का, पान नंबर पेनाने आहे का पेन्सिलने, टॅगचं भोक एक का दोन, कोपऱ्यात अंगठा दिसतोय का. सही नसेल तर ती वर जायच्या आधीचा फोटो असू शकतो, मग त्या तारखेला फाइल कोणाच्या टेबलावर होती ते रजिस्टर सांगतं, ई-ऑफिस असेल तर अजूनच सोपं. अर्थात फोटो कापलेला असला, खालचा भाग मुद्दाम घेतला नसला तर या हिशोबाला काही अर्थ नाही, त्यामुळे नुसत्या फोटोवरून "अमक्याच्या टेबलावरूनच गेला" असं कोणी म्हणत असेल तर तिथेच अडवायचं. तुमच्या केसमध्ये पण आधी तो फोटो नीट बघा, बातमी नंतर वाचा.

आणि दुसरी गोष्ट, शेरा नसलेलं पान छापलं ती चोरी ठरली, शेरा असलेलं पान त्याच दिवशी टीव्हीवर आलं त्यावर कोणी गहजब केला नाही. सरकारच्या बाजूचा कागद बाहेर आला तर तो खुलासा आणि विरुद्ध बाजूचा आला तर चोरी, हे कुठल्याही पक्षाचं सरकार असो, असंच चालतं. मी दोन्ही राजवटीत बघितलंय.

तर त्या दिवशी सरकार काय म्हणालं ते बघा. संरक्षणमंत्री निर्मला सीतारामन म्हणाल्या की पेपरने पर्रीकरांचं उत्तर छापलं नाही, अर्धंच दाखवलं, आणि पंतप्रधान कार्यालयाने प्रगती विचारली म्हणजे हस्तक्षेप होत नाही. माझ्या मते हे सरळ उत्तर होतं. पटो न पटो, कागद आमचा आहे, अर्थ तुम्ही चुकीचा लावताय, असं त्यात होतं. माजी संरक्षण सचिवांनीही सांगितलं की तो शेरा किमतीबद्दल नव्हता, हमी आणि बाकीच्या अटींबद्दल होता. यावर वाद घालता येतो, म्हणजे मी वर सांगितलेल्या दुसऱ्या प्रश्नावर, मजकुरावर. लोकशाहीत भांडण तिथेच व्हायला हवं.

पण महिनाभराने सुप्रीम कोर्टात सूर बदलला. तिथे राफेल खरेदीविरुद्धच्या याचिका आधी फेटाळल्या होत्या, आणि त्या निकालाच्या फेरविचारासाठी याचिकाकर्त्यांनी हेच कागद जोडले होते. ६ मार्च २०१९ ला अ‍ॅटर्नी जनरल वेणुगोपाल यांनी कोर्टाला सांगितलं की हे कागद मंत्रालयातून चोरीला गेलेत, तपास चालू आहे, ऑफिशियल सिक्रेट्स अ‍ॅक्टखाली (सरकारी गुपितांचा कायदा) हा गुन्हा होतो. देशभर बोंब झाली की संरक्षण मंत्रालयातून फाइल चोरीला जाते म्हणजे काय. दोनच दिवसांनी त्यांनी पीटीआय वृत्तसंस्थेला सांगितलं की मूळ कागद गेले नाहीत, याचिकाकर्त्यांनी त्यांच्या फोटोकॉपी वापरल्या असं मला म्हणायचं होतं. मग १३ मार्चला संरक्षण सचिवांचं प्रतिज्ञापत्र आलं, परवानगीशिवाय फोटोकॉपी काढून बाहेर नेल्या, २८ फेब्रुवारीपासून अंतर्गत चौकशी चालू आहे, राष्ट्रीय सुरक्षेला धोका आहे. याला आपल्याकडे हात दाखवून अवलक्षण म्हणतात. कारण तोपर्यंत कागद अस्सल आहे का नाही हे याचिकाकर्त्यांनी सिद्ध करायचं होतं, बातमीच्या कात्रणावर ते किती जमलं असतं देव जाणे, आणि सरकारने स्वतःच्याच प्रतिज्ञापत्रावर ते काम करून दिलं.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग, चोरीला गेले म्हणजे खरे होते का, तर हो. कोर्टात गोपनीयतेचा दावा करायचा तर कागद आपला आहे हे मान्य करूनच करावा लागतो. पुरावा कायद्याचं कलम १२३ होतं, आता नव्या साक्ष्य अधिनियमात ते १२९ आहे, त्यात म्हटलंय की सरकारी कारभाराच्या अप्रकाशित दप्तरातून पुरावा द्यायला खातेप्रमुखाची परवानगी लागते. दप्तर सरकारचं असेल तरच हे कलम लागतं, बनावट कागदाला लागत नाही. दोन्ही डगरींवर हात ठेवता येत नाही, इतकं सरळ आहे. तुमच्या साहेबांना हे लागू होतं का ते खाली सांगतो.

पण म्हणून सरकार खोटं बोललं का? इथे मी सावध आहे. चोरी आणि झेरॉक्स यातला फरक हा घाईत बोललेल्या वकिलाच्या शब्दाचा होता, त्याला मी खोटं म्हणणार नाही. कोर्टात उभं राहून बोलताना शब्द निसटतात. मला राफेलमध्ये खरी गडबड वाटली ती दुसरीकडे, लीकच्या आधीची आहे आणि तिची चर्चा फारच कमी झाली.

डिसेंबर २०१८ च्या निकालाची गोष्ट आहे. कोर्टाने किमतीची माहिती बंद लिफाफ्यात मागवली होती. म्हणजे न्यायाधीश वाचणार, समोरच्या बाजूचे वकील वाचणार नाहीत. १४ डिसेंबरला निकाल आला, याचिका फेटाळल्या, आणि निकालाच्या २५ व्या परिच्छेदात लिहिलं गेलं की किमतीचा तपशील कॅगला (सरकारचे हिशेब तपासणारे महालेखापरीक्षक) दिलेला आहे, कॅगचा अहवाल संसदेच्या लोकलेखा समितीने तपासलेला आहे आणि त्याचा काटछाट केलेला भाग संसदेसमोर ठेवलाय, तो सार्वजनिक आहे. त्याच दिवशी लोकलेखा समितीचे अध्यक्ष मल्लिकार्जुन खर्गे म्हणाले की असला अहवाल मी पाहिलेलाच नाही. आणि खरंच नव्हता, राफेलचा कॅग अहवाल संसदेत आला १३ फेब्रुवारी २०१९ ला, निकालानंतर दोन महिन्यांनी.

निकालाच्या दुसऱ्याच दिवशी सरकारने कोर्टात दुरुस्तीचा अर्ज दिला. त्यांचं म्हणणं असं की आमच्या नोटमध्ये दोन गोष्टी होत्या, तपशील कॅगला दिलाय ही झालेली गोष्ट, आणि अहवाल लोकलेखा समिती तपासते, काटछाट केलेली प्रत संसदेत ठेवली जाते ही पद्धत. कोर्टाने पद्धतीचं वाक्य झालेल्या घटनेसारखं वाचलं. नोटची इंग्रजी वाक्यं नंतर बाहेर आली, आणि नुसती व्याकरणाने बघितली तर सरकारचं म्हणणं बसतं. पण पहिलं वाक्य झालेल्या कामाचं, त्याला लागून पुढचं नेहमीच्या पद्धतीचं, दोन्हीत कुठेही "अजून व्हायचंय" असा शब्द नाही. माझ्या हाताखालच्या ज्युनिअरने असं लिहून आणलं असतं तर मी परत पाठवलं असतं, कारण कोणीही ते झालंय असंच वाचणार. मुद्दाम होतं का निष्काळजीपणा, यावर मी बोलणार नाही. याचिकाकर्त्यांनी खोट्या पुराव्याची कारवाई मागणारा अर्जही केला होता, तो फेरविचार याचिकांबरोबर नोव्हेंबर २०१९ मध्ये निकालात निघाला, कोणावर कारवाई झाली नाही.

मला सांगायचं ते हे आहे. ते वाक्य उघड्या प्रतिज्ञापत्रात असतं तर याचिकाकर्त्यांपैकी प्रशांत भूषण किंवा अरुण शौरींनी पाच मिनिटांत उठून सांगितलं असतं की मायलॉर्ड, असा अहवालच नाही. बंद लिफाफ्यात होतं म्हणून ते तसंच निकालात उतरलं. गोपनीयतेमुळे शत्रूला माहिती मिळत नाही हे ठीक, पण चूक पकडणारा माणूसही खोलीत नसतो. मग ती चूक प्रामाणिक आहे का हेतुपुरस्सर हे कळायला मार्गच राहत नाही. म्हणून एखादं सरकार गुप्ततेच्या आड काही सांगतं तेव्हा मी ते आपोआप खोटं धरत नाही, पण ते तपासलेलं नाही एवढं पक्कं धरतो. तुमच्या साहेबांच्या "असा कागदच नाही" ला पण हेच माप लावा.

बरं, पुढे कोर्टाने काय केलं. १० एप्रिल २०१९ ला तिन्ही न्यायाधीशांनी, गोगोई, कौल आणि जोसेफ, हे कागद कोर्टाने वाचूच नयेत ही सरकारची हरकत एकमताने फेटाळली. कारणं तुमच्या कामाची आहेत म्हणून सांगतो. एक तर कागद आधीच पेपरात आलाय, अप्रकाशित राहिलेलाच नाही, मग कलम १२३ कशावर लावताय. दुसरं, ऑफिशियल सिक्रेट्स अ‍ॅक्टमध्ये असं काही नाही की ज्याच्या जोरावर सरकार पेपरला छापू नका म्हणेल. आणि १९७४ चा पूरणमलचा जुना निकाल आहेच, की पुरावा कसा मिळाला यापेक्षा तो मुद्द्याशी संबंधित आहे का ते बघायचं. माहिती अधिकाराचं कलम ८(२) पण आलं, त्यात स्वच्छ म्हटलंय की ऑफिशियल सिक्रेट्स अ‍ॅक्ट असला तरी उघड करण्यातलं लोकहित जास्त असेल तर माहिती देता येते. याच्या मागे १९७५ चा राज नारायण खटला उभा आहे. इंदिरा गांधींच्या निवडणुकीच्या केसमध्ये पंतप्रधानांच्या दौऱ्याच्या सुरक्षेचं 'ब्लू बुक' मागितलं होतं, सरकार देत नव्हतं, तेव्हा न्या. मॅथ्यू यांनी लिहून ठेवलं की सरकारी माणसं सरकारी हैसियतीत जे करतात ते जाणून घ्यायचा लोकांना हक्क आहे.

आता याचा उलटा अर्थ काढू नका. कोर्टाने कागद पुरावा म्हणून वाचायला घेतले, तो फोडणारा निर्दोष आहे असं म्हटलं नाही. आणि कागद वाचून झाल्यावर १४ नोव्हेंबर २०१९ ला फेरविचार याचिका फेटाळल्याच. म्हणजे कागद अस्सल, वाचण्यासारखा, तरीही कोर्टाच्या दृष्टीने निकाल बदलण्याएवढा नाही. तिन्ही प्रश्नांची तीन वेगळी उत्तरं आली की नाही? पर्रीकर या सगळ्याच्या मध्यातच, १७ मार्चला गेले. स्वतःच्या शेऱ्याचा अर्थ सांगू शकणारा माणूसच राहिला नाही.

ऑफिशियल सिक्रेट्स अ‍ॅक्टबद्दल थोडं, कारण नोटिशीत त्याचं नाव आलं की लोकांची झोप उडते. हा १९२३ चा, इंग्रजांचा कायदा. गुप्त म्हणजे काय याची व्याख्याच त्यात नाही. कलम ५ खाली देणारा पण येतो आणि घेणारा पण येतो, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. वीरप्पा मोइलींच्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००६ मध्येच हा कायदा रद्द करा म्हणून सांगितलं होतं, अजून आहे तिथेच आहे. आणि त्याचा वापर कसा होतो ते बघायचं असेल तर पत्रकार इफ्तिखार गिलानींची केस बघा. जून २००२ मध्ये अटक, कॉम्प्युटरमध्ये काश्मीरमधल्या सैन्याबद्दलचा गोपनीय मजकूर सापडला म्हणून. तो मजकूर पाकिस्तानातल्या एका संस्थेने छापलेला, इंटरनेटवर कोणालाही मिळणारा होता. लष्करी गुप्तवार्ता विभागानेच शेवटी कळवलं की यात गुप्त काही नाही, तेव्हा जानेवारी २००३ मध्ये खटला मागे घेतला. तोवर माणूस सात महिने तिहारमध्ये. कायदा वाईट म्हणून गप्प बसा असं मी म्हणत नाहीये, पण "शेवटी कोर्टात टिकणार नाही" या भरवशावर कोणी उगाच छाती काढून फिरू नये.

आपल्या महाराष्ट्रात पण २०२१ मध्ये फोन टॅपिंगच्या अहवालावरून मुंबईत याच कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला, तेव्हाचे विरोधी पक्षनेते फडणवीस यांचा जबाब पोलिसांनी मार्च २०२२ मध्ये घेतला, मग त्याच वर्षी सरकार बदललं आणि तपास सीबीआयकडे गेला. यावर मी भाष्य करत नाही, पक्षाचे लोक इथे लगेच जमा होतील. फक्त एवढंच बघा की फाइल तीच राहते आणि खुर्चीतला माणूस बदलला की तिची दिशा बदलू शकते. तुमची चौकशी पण साहेब बदलेपर्यंत लांबू शकते, आमच्याकडे बऱ्याचदा लांबते.

अमेरिकेचं. तुम्ही म्हणताय ती केस बहुतेक लिबीची. जुलै २००३ मध्ये जोसेफ विल्सन नावाच्या माजी राजदूताने न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलं की इराक नायजरमधून युरेनियम घेतोय या दाव्यात दम नाही, मी स्वतः जाऊन बघून आलोय. आठवडाभरात एका स्तंभलेखकाने छापलं की त्याची बायको व्हॅलरी प्लेम सीआयएमध्ये आहे. ती छुपी अधिकारी, त्यामुळे तपास लागला. व्हाइट हाउसच्या प्रवक्त्याने सांगितलं की आमच्या लोकांचा यात काही संबंध नाही. पुढे निघालं की संबंध होता. उपराष्ट्राध्यक्ष चेनींचे मुख्य सहायक लुईस लिबी यांना मार्च २००७ मध्ये दोषी धरलं. पण लीकबद्दल नाही! शपथेवर खोटं बोलणं, एफबीआयला खोटं सांगणं आणि तपासात अडथळा यासाठी. लीकबद्दल कोणावरच खटला झाला नाही, आणि त्या स्तंभलेखकाला पहिल्यांदा सांगणारा तर परराष्ट्र खात्यातला आर्मिटेज निघाला. लिबींची ३० महिन्यांची कैद बुशनी रद्द केली, २०१८ मध्ये ट्रम्पनी माफीच दिली. तुरुंगात प्रत्यक्ष बसली ती सूत्राचं नाव न सांगणारी पत्रकार, ज्युडिथ मिलर, ८५ दिवस.

त्या केसमधला मला सगळ्यात बोलका वाटणारा तुकडा म्हणजे ८ जुलै २००३ ची वॉशिंग्टनमधल्या सेंट रेजिस हॉटेलातली लिबी आणि मिलर यांची भेट. तिथे लिबींनी गुप्तवार्ता अहवालातला निवडक भाग तिला सांगितला, आणि त्याला चेनींमार्फत खुद्द राष्ट्राध्यक्षांची परवानगी होती असं त्यांनी पुढे सांगितलं. म्हणजे वरून परवानगी असेल तर तेच गुप्त एका दिवसात उघड. आणि विल्सनबद्दल बोलताना त्यांनी अट घातली की माझा उल्लेख 'संसदेतला माजी कर्मचारी' असा करा. ते कधीकाळी तिथे कामाला होते, म्हणजे शब्दाने खरं. वाचणाऱ्याला मात्र कधीच कळणार नाही की हे उपराष्ट्राध्यक्षांच्या ऑफिसातून आलंय. कॅगच्या त्या वाक्याची आठवण झाली का? मला होते.

आपल्याकडे अशी शिक्षा का होत नाही, तर तिथे एफबीआयच्या माणसाला साधं बोलताना खोटं सांगितलं तरी तो स्वतंत्र गुन्हा आहे. आपल्याकडे पोलिसांसमोरच्या जबाबावर सही पण घेत नाहीत, तो शपथेवर नसतो, आणि स्वतःला अडकवणारं उत्तर देण्याची सक्ती संविधानाच्या कलम २०(३) मुळे नाही. कोर्टात खोटं प्रतिज्ञापत्र दिलं तर गुन्हा आहे, पण ती कारवाई कोर्टाने स्वतः तक्रार केली तरच पुढे सरकते, आणि कोर्टं ते क्वचित करतात.

पण, आणि हे तुमच्यासाठी महत्त्वाचं, विभागीय चौकशीत हे चित्र उलटं आहे. तिथे शंकेपलीकडचा पुरावा लागत नाही, शक्यता जास्त वाटली तरी पुरतं. कागद कोणी फोडला ते बहुतेक वेळा सिद्ध होत नाही, कारण फाइल दहा हातांतून गेलेली असते. सिद्ध होतं ते हे की अमक्याने खुलाशात लिहिलं मी फाइल पाहिलीच नाही आणि रजिस्टरला त्याची सही निघाली. मग मूळ आरोप पडतो आणि खोटा खुलासा दिल्याचा आरोप टिकतो, वेतनवाढ त्याच्यावर जाते. खालच्याचं खोटं गैरवर्तन ठरतं आणि वरच्याचं 'विपर्यास झाला' म्हणून मिटतं, हा अन्याय आहे, मान्य, पण तुम्हाला तो माहीत असलेला बरा.

म्हणून काय करायचं. फाइल हाताळली असेल तर हाताळली असं लिहा, कोणत्या तारखेला, कशासाठी, कोणाकडे दिली. फोटो काढला नसेल तर काढला नाही असं एका ओळीत, भाषण नको. कोणावर संशय आहे का विचारतील, तिथे नाव टाकू नका, अंदाज म्हणून दिलेलं नाव पुढे तुमच्या गळ्यात येतं. फोनमधले मेसेज, ग्रुप, काहीही डिलीट करू नका, निर्दोष माणूस घाबरून डिलीट करतो आणि तिथेच फसतो. आणि जर फोटो खरंच तुम्हीच काढला असेल तर इथे लिहू नका, मलाही मेसेज करू नका, जवळच्या चांगल्या सर्व्हिस मॅटरच्या वकिलाकडे कागद घेऊन जा आणि त्याच्याशी बोलेपर्यंत खुलासा देऊ नका, मुदतवाढ मागा, मिळते.

आणि मग साहेबांची डगर. खुलाशात नम्रपणे विचारा की ज्या कागदाबद्दल नोटीस आहे त्याची प्रत द्यावी, तो फाइलच्या कोणत्या पानावर आहे ते सांगावं, आणि त्याला गोपनीय ठरवल्याचा आदेश असल्यास द्यावा. एवढंच. प्रत दिली, पान नंबर दिला, की कागद अस्सल हे त्यांनीच लिहून दिलं आणि पेपरातलं "कागदच नाही" हे त्यांना निस्तरावं लागेल. नाही म्हणाले तर मग गोपनीय कागद फोडल्याचा आरोप उभाच राहत नाही, बनावट कागद पसरवल्याचा वेगळा आरोप ठेवावा लागेल, त्याचा पुरावा वेगळा, आणि तो तुमच्यावर कसा येतो ते त्यांनी दाखवायचं. साहेबांना खोटारडे वगैरे शब्द चुकूनही वापरू नका. दोन कागद शेजारी ठेवले की चौकशी अधिकाऱ्याला दिसतं.

अजून एक, टिपणी म्हणजे गोपनीयच असा ऑफिसात समज असतो तो चूक आहे. माहिती अधिकारात टिपण्या येतात. २००६ मध्ये केंद्र सरकार त्या वगळायला निघालं होतं तेव्हा अण्णा हजारे आळंदीला उपोषणाला बसले आणि ती दुरुस्ती मागे पडली. खरेदी पूर्ण झालेली असेल तर तीच टिपणी कोणालाही अर्ज करून मिळू शकते, आणि जी अर्जाने मिळते तिला गुपित म्हणणं अवघड जातं. निविदा अजून उघडायची असेल तर मात्र गोष्ट वेगळी, तिथे गुप्ततेला खरंच कारण असतं, एका ठेकेदाराला दुसऱ्याचा दर कळला तर नुकसान सरकारचं म्हणजे आपलंच. हे तुम्ही प्रश्नात लिहिलेलं नाही. परवानगीशिवाय माहिती दिली हा वर्तणूक नियमांखालचा आरोप तरीही लागू शकतो, पण त्याचं वजन यावर ठरतं.

तर खरेदी कोणत्या टप्प्यावर होती ते सांगा, आणि नोटिशीचा मजकूर इथे टाका, नावं, ऑफिस, जावक नंबर खोडून. दोषारोपपत्र आलं असेल तर जोडपत्र तीन आणि चार, म्हणजे कागदांची आणि साक्षीदारांची यादी, तेवढी पाठवा. त्या फोटोचं मूळ पान जोडपत्र तीनमध्ये आहे का नाही हे मला पहिलं बघायचंय.